शंका घेणाऱ्यासमोर बसताना

१८४०च्या दशकात बनारसमध्ये नीळकंठ गोऱ्हे नावाचा एक तरुण शास्त्री ख्रिस्ती धर्माचे खंडन करण्याच्या तयारीला लागला होता. जन्म १८२५चा, घराणे कोकणस्थ ब्राह्मणाचे, जन्मगाव बुंदेलखंडातले आणि अध्ययन काशीत. कंपनी सरकारचे संस्कृतज्ञ अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. पंडितांनी त्याला संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतले एक अतिशय धारदार उत्तर विशीच्या आसपासच्या या शास्त्र्याचे होते. ग्रंथाचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. त्यातले आक्षेप वरवरचे नव्हते. पूर्वजन्म मानायचा नाही, तर निरपराध बालकांच्या आणि मुक्या जनावरांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाची संगती कशी लावायची? चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापासाठी अनंतकाळचा नरक देणाऱ्या देवाला न्यायी कसे म्हणायचे?

१८४८मध्ये जौनपूरला याच नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नहेम्या गोऱ्हे झाले.

मधल्या काळात विल्यम स्मिथ या बनारसमधल्या मिशनऱ्याशी त्यांची बोलणी चालली होती. शास्त्रीबुवा गेले होते वाद जिंकायला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांचे प्रश्न मिटले नाहीत, आणि फादर गोऱ्हे यांच्या आयुष्यातली हीच गोष्ट आजच्या ख्रिस्ती मंडळींनी नीट पाहावी अशी आहे. शंका त्यांना अखेरपर्यंत छळत राहिल्या. त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९०० साली निघालेल्या चरित्रातही त्या झाकून ठेवलेल्या नाहीत. १८६०च्या त्यांच्या ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात न्याय, सांख्य, वेदान्त यांच्याशी जो सामना आहे, तो त्या शास्त्रांत मुरलेल्या माणसाचा आहे. फिट्झएडवर्ड हॉल यांनी दोनच वर्षांत त्याचा इंग्रजी अनुवाद केला. गोऱ्हे यांचे निष्कर्ष मान्य करायलाच हवेत असे नाही. वेदान्ताच्या अभ्यासकांना ते आजही खटकतील. पण प्रतिपक्ष काय म्हणतो हे लेखकाला ठाऊकच नाही, अशी तक्रार या पुस्तकाबद्दल करता येणार नाही.

विश्वासाबद्दल कोणी जाब विचारला तर उत्तर द्यायला सदैव सिद्ध असा, अशी शिकवण पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ते वचन मंडळीत वारंवार सांगितले जाते. उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्यावे, हे त्याच वचनाला जोडून आलेले आहे आणि ते बऱ्याचदा मागे पडते. मग तयारी म्हणजे तोंडपाठ उत्तरांची वही, असा समज होतो. देव आहे याचे पाच पुरावे, पुनरुत्थानाचे चार, उत्क्रांतीवर दोन. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ही वही पहिल्या आठवड्यापुरती उपयोगी पडते. खऱ्या विचार करणाऱ्या मित्राशी गाठ पडली की तो तिसराच प्रश्न विचारतो.

जुन्या चर्चची रीत याहून धाडसी होती. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्मावर कडाडून हल्ला करणारे पुस्तक लिहिले. ते मूळ पुस्तक आज उपलब्ध नाही. तरीही त्यातला बराच मोठा भाग आपल्याला वाचता येतो, कारण सुमारे सत्तर वर्षांनी ओरिजेनने त्याला आठ खंडांत उत्तर देताना सेल्ससची वाक्ये एकामागून एक उद्धृत केली. टीकाकाराचे म्हणणे त्याच्या विरोधकाच्या ग्रंथात जिवंत राहिले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनेही प्रत्येक प्रश्नाची सुरुवात आपल्याविरुद्धच्या युक्तिवादांनी केली. आपले मत त्यानंतर.

मुंबईने हा प्रकार उघड्यावर पाहिला आहे. १८३१मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिले, विल्सननी पुढच्या वर्षी त्याला छापील उत्तर दिले, आणि ही लढाई नंतरही चालू राहिली. विल्सन यांची विद्वत्ता मोठी होती, पण हिंदू धर्माचे पितळ उघडे पाडण्याचा जो आवेश त्यांच्या त्या पुस्तकांत आहे, त्याने ऐकणाऱ्यांची मने जोडली असतील असे वाटत नाही. १८५७मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत, तेव्हा ऐकायला मोठी गर्दी जमे. त्या चर्चांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने प्रसिद्ध केला. बोवेन स्वतः तरुणपणी नास्तिक होता. किनाऱ्यावरच्या वादात कोण हरले, कोण जिंकले, यावर दोन्ही बाजूंचे एकमत होणे शक्य नव्हते. पण प्रश्न छापून ठेवण्याची बुद्धी झाली, हे मोलाचे.

बंद दाराआड, आपल्याच माणसांसमोर केलेली तयारी किती कच्ची राहते, याचे एक उदाहरण ऑक्सफर्डमध्ये मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे सॉक्रेटिक क्लब सुरू झाला. श्रद्धावान आणि संशयवादी यांनी एकमेकांसमोर निबंध वाचायचे आणि उत्तरे द्यायची, असा त्याचा शिरस्ता. सी. एस. लुईस त्याचे अध्यक्ष होते. २ फेब्रुवारी १९४८च्या बैठकीत लुईस यांच्या चमत्कारांवरील पुस्तकातला एक महत्त्वाचा युक्तिवाद एलिझाबेथ अँस्कम या तरुण तत्त्वज्ञ बाईंनी उसवून दाखवला. त्या नास्तिक नव्हत्या, निष्ठावंत कॅथलिक होत्या. युक्तिवाद चुकीचा असेल तर तो आपल्या बाजूचा असला तरी चालवून घ्यायचा नाही, एवढाच त्यांचा आग्रह. लुईस यांनी १९६०च्या आवृत्तीत तो युक्तिवाद असलेले तिसरे प्रकरण दुरुस्त करून लिहिले, आणि दुरुस्त प्रकरण अधिक काळजीपूर्वक लिहिलेले आहे, हे अँस्कम यांनीही नंतर मान्य केले.

या सगळ्याहून महाराष्ट्राला जवळचे, आणि जास्त अवघड, उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. फादर गोऱ्हे यांच्या बोलण्याचा आणि लेखनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनींना वाटले, आता प्रश्न संपले. रमाबाईंचे प्रश्न तर तेव्हा सुरू झाले. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कुठे आहे? चर्चचा अधिकार माझ्या सदसद्विवेकबुद्धीच्या वर कसा? पुराणे, धर्मशास्त्र, ब्राह्मो विचार या सगळ्यांतून वाट काढत आलेली ही बाई. एका अधिकारापुढून उठून दुसऱ्या अधिकारापुढे मान तुकवायला ती तयार नव्हती.

त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंवर मनापासून माया केली. पण त्यांच्या प्रश्नांत त्यांना गर्व दिसला, आणि पत्रांतून त्या नम्रतेचा उपदेश करत राहिल्या. उत्तरे त्यामानाने थोडी. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात रमाबाईंना वेगळी व्यक्ती भेटली. प्राचार्या डोरोथिया बील या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, पण इतक्या बुद्धिमान स्त्रीला विचार करायला मोकळीक द्यायला हवी, तिचे प्रश्न तत्त्वज्ञानाचे प्रश्न म्हणून घ्यायला हवेत, हे त्यांना दिसत होते. या तिघींची पत्रे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. धर्मावर बोलण्याचे शिक्षण कोणाला हवे असेल, तर ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखा दुसरा अभ्यासक्रम नाही. एका पत्रात दार लागत जाते, दुसऱ्यात उघडते, आणि सिद्धान्त दोन्हीकडे तेच असतात. रमाबाई अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिल्या, स्वतःच्या अटींवर.

आजच्या मराठी ख्रिस्ती तरुणासमोर बसणारा शंकेखोर कोण असतो? तो फुले आणि आगरकर वाचलेला असतो, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शिबिराला जाऊन आलेला असतो. हात ठेवून रोग बरा करण्याच्या सभांविषयी तो विचारेल, आणि विचारायलाच हवे. गोव्यात १५६०पासून १८१२पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, चाललेल्या इन्क्विझिशनविषयी विचारेल. इथे ‘ते पोर्तुगीजांचे राजकारण होते’ असे म्हणून सुटका करून घेणे खोटेपणाचे आहे. त्या न्यायासनावर धर्मगुरू बसत होते. हे मान्य करणारा ख्रिस्ती माणूस समोरच्याच्या नजरेत उतरत नाही. उलट त्याच्या पुढच्या शब्दाला वजन येते.

दुःखाचा प्रश्न सगळ्यांत जुना. ईयोबाच्या पुस्तकात ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन सुबक तर्क मांडतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र तो रास्त ठरवतो. बायबलमध्येच हे असताना, दुःखाने पोळलेल्या माणसाला आयते उत्तर देण्याची घाई मंडळीतल्या लोकांना का होते, हे कोडेच आहे.

आणि मग डॉ. आंबेडकर. १९३५मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केल्यावर ख्रिस्ती पुढाऱ्यांसह अनेक धर्मांचे लोक त्यांच्याकडे आशेने पाहत होते. त्यांनी ख्रिस्ती धर्माचा कसून अभ्यास केला. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरितांची स्थिती यांवर त्यांनी लिहिलेले दोन निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापले. भारतीय ख्रिस्ती समाजात जात टिकली आहे आणि दलित ख्रिस्त्याच्या सामाजिक दुःखाकडे चर्चने पाठ फिरवली आहे, हा त्यांतला आरोप पुराव्यांसह केलेला आहे. त्याला त्रैक्याच्या किंवा पुनरुत्थानाच्या युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. उन्हाळी शिबिरांत तरुणांना लुईस वाचायला देतात, ते चांगलेच आहे. त्याच शिबिरात हे दोन निबंध पूर्ण वाचावेत, आंबेडकरी चळवळीतला एखादा अभ्यासक बोलावून त्याला हवा तेवढा वेळ बोलू द्यावे, आणि आपल्या मंडळीत सोयरीक जुळवताना जात विचारली जाते का, याचे खरे उत्तर त्याच्यासमोर द्यावे.