ट्रेच्या तळाशी



अमेरिकेत १८६३ साली, यादवी युद्धात असंख्य घरांनी माणसे गमावलेली असताना, अध्यक्ष लिंकन यांनी साऱ्या राष्ट्राला उपकारस्मरणाचा दिवस पाळण्याचे आवाहन केले. आजही त्या सणाला तेथे आख्खी टर्की भाजतात. मांडीच्या जाड भागातले उष्णतामान ७४ अंश सेल्सिअस झाले की ती ओव्हनमधून काढतात आणि अर्धा तास कापत नाहीत. घाई केली तर रस वाहून जातो.

तेवढ्यात गृहिणी भाजणीच्या ट्रेकडे वळते. वरची चरबी काढून तळाच्या तांबूस खरवडीवर थोडे पाणी घालते, मंद आचेवर लाकडी चमच्याने ती सोडवते, मैदा लावून दाट करते. (काळे जळलेले घेऊ नये, कडवटपणा येतो.) खरी चव त्या रश्शातच.

पाच हजार जेवल्यावर प्रभूनेही उरलेले तुकडे वेचायला लावले. ज्याच्या हाती भाकरी वाढते, त्याला तुकड्यांचे एवढे अगत्य!

गेल्या पावसाळ्यात आमची आई प्रभूमध्ये निजली. कापणीच्या सणाला घरच्या प्रार्थनेत माझ्या तोंडून शब्द निघेना. तेव्हा धाकटी म्हणाली, "प्रभू, आजी कालवणाचे पातेले भाकरीने पुसून आम्हांला घास द्यायची, त्याबद्दल तुझे आभार."

मग आम्ही जेवायला बसलो.