दुसऱ्याच्या वतीने नकार

वकिली व्यवसायात एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : "साहेब, मी जे केले ते त्याच्या भल्यासाठीच केले." भावाच्या नावाने परस्पर सही करणारा भाऊ हे वाक्य उच्चारतो, मुलाला आलेले नोकरीचे पत्र कपाटात दडवून ठेवणारा बापही हेच म्हणतो. आणि यांतील बरेचजण खोटे बोलत नसतात, हेच या वाक्यातील खरे संकट होय. लबाडाचा हेतू उघडा पाडणे सोपे असते. परंतु ज्याचा हेतू प्रेमाचा आणि कृत्य मात्र दुसऱ्याच्या हक्कावर आक्रमण करणारे, अशा माणसापुढे नीती क्षणभर थबकते. ते थबकणे कितपत योग्य, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारास निमित्त झाला तो कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या न्यायालयाने २०१८ साली निकाली काढलेला एक दावा. वादी क्लॅरिनेटवादक, प्रतिवादी त्याची पूर्वीची प्रेयसी. तीही संगीताचीच विद्यार्थिनी. दोघांची नावे येथे देण्याचे कारण नाही. वादी मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात शिकत असता त्याने लॉस एंजेलिस येथील कोलबर्न संगीतशाळेत पुढील शिक्षणासाठी अर्ज केला. तेथे येहुदा गिलाड हे ख्यातनाम क्लॅरिनेटगुरू शिकवतात, आणि त्यांच्याकडे दरवर्षी अगदी मोजक्याच विद्यार्थ्यांस जागा मिळते. वादनाची परीक्षा झाली आणि २०१४ च्या वसंतात त्याची निवड झाल्याचे पत्र ई-मेलने आले. शिक्षण व राहणे दोन्ही विनामूल्य. परंतु ते पत्र त्याने पाहिलेच नाही. त्याच्या आधी ते तिने उघडले, त्याच्या नावाने नम्र नकार लिहिला आणि मूळ पत्र नाहीसे केले. एवढ्यावर न थांबता गिलाड यांच्या नावाने एक खोटा पत्ता काढून तिने त्याला दुसरे पत्र धाडले : कोलबर्नला जागा नाही, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मिळेल, परंतु शिष्यवृत्ती केवळ ५ हजार डॉलरची. तेथील खर्च याच्या कितीतरी पट आणि त्याच्या आवाक्याबाहेरचा. तो मॉन्ट्रियलमध्येच राहिला. त्याने आपल्याला सोडून जाऊ नये, याखेरीज तिचा दुसरा हेतू दिसत नाही.

पुढे दोन वर्षांनी तो पुन्हा गिलाड यांच्यापुढे परीक्षेस उभा राहिला, तेव्हा पूर्वी आपल्याला नकार देणारा हा विद्यार्थी आता कसा आला, असे त्यांनी त्यास विचारले. तो प्रश्न त्याला कळेना. हळूहळू सारा उलगडा झाला. प्रतिवादी न्यायालयापुढे आलीच नाही. न्यायालयाने ३ लाख ५० हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई मंजूर केली. त्यांतील काही रक्कम कृत्याच्या निंद्यतेबद्दल होती.

कोणी म्हणेल, एक शाळा हुकली, दुसरी होतीच. त्यात एवढे काय? या शंकेचे उत्तर देण्यासाठी त्या कलेत शाळा निवडणे म्हणजे काय, हे पाहणे अवश्य आहे. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बँडवाले ज्याला क्लॅरोनेट म्हणतात तेच हे वाद्य. त्याचा स्वर एका पातळ रीडवर, ओठांच्या पकडीवर आणि श्वासावर अवलंबून असतो. आणि यांतील एकही गोष्ट पुस्तकात वाचून साधत नाही. गुरू आठवड्यातून साधारण एक तास ऐकतो, उरलेले सहा दिवस विद्यार्थी त्या तासाचा अर्थ शोधत बसतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा दोनच वर्षांचा. म्हणजे मोजून काढले तर गुरूचा प्रत्यक्ष सहवास फार थोड्या तासांचा. म्हणून या क्षेत्रातील जाणते विद्यार्थी आधी गुरू पाहतात, मग इमारत पाहतात. पॅरिसच्या कॉन्झर्वेटवारमध्ये घडलेले डॅनियल बोनाड अमेरिकेत गेले, फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत शिकवू लागले. त्यांचे शिष्य रॉबर्ट मार्सेलस १९५३ पासून वीस वर्षे क्लीव्हलँड वाद्यवृंदाचे प्रमुख क्लॅरिनेटवादक होते आणि त्यांनी पुढे स्वतःचे शिष्य घडवले. ग्वाल्हेर-बडोद्याच्या वाचकांस घराणे म्हणजे काय हे समजावून सांगावयास नकोच.

गुरूबरोबर देशही निवडावा लागतो, आणि देशाबरोबर बोटेसुद्धा. पॅरिसमध्ये क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८३९ च्या सुमारास सिद्ध केलेली, पुढे बोएम पद्धती म्हणून ओळखली जाणारी कळांची रचना आज जगात बहुतेक ठिकाणी चालते. परंतु जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील वाद्यवृंदांनी आपली निराळी रचना सोडलेली नाही. फ्रेंच रचनेवर वाढलेल्या वादकास तेथे कायमची जागा मिळणे फार कठीण. म्हणजे विशीतील मुलाने घेतलेला एक निर्णय त्याची बोटे कोणत्या देशाची होणार, हेच ठरवून टाकतो.

शिवाय पैसा आहे. कर्टिस संस्थेने १९२८ पासून शिक्षणशुल्क घेतलेले नाही. येल विद्यापीठाच्या संगीतशाळेत २००५ साली मिळालेल्या १० कोटी डॉलरच्या देणगीमुळे शुल्क उरले नाही. याउलट अमेरिकेतील अनेक नामांकित शाळांत वर्षाचा खर्च हजारो डॉलरच्या दहापटींनी मोजावा लागतो. आणि एवढे करून पुढे काय? मोठ्या वाद्यवृंदातसुद्धा क्लॅरिनेटच्या जागा तीन किंवा चार. त्यांवर बसलेला वादक कित्येक वर्षे उठत नाही. एक जागा रिकामी झाली की पडद्याआड वाजवून दाखवण्यासाठी दुरून दुरून उमेदवार येतात. अशा मार्गावर कर्ज काढून जाणाऱ्याचे पुढील आयुष्य ते कर्जच ठरवते. म्हणून विनामूल्य शिक्षणाची जागा ही केवळ सवलत नव्हे. ती पुढील दहा वर्षांचे स्वातंत्र्य होय. वादीच्या हातून नेमके हेच काढून घेण्यात आले.

आता बचावाकडे वळू. प्रतिवादी हजर राहिली नाही. तथापि तिच्या बाजूने जे बोलता येईल ते आम्ही बोलून पाहतो, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून दिलेला निकाल नीतीच्या न्यायालयात टिकत नाही.

पहिला बचाव असा की, अखेर त्याचे वाईट झाले नाही. तो पुढे गिलाड यांच्याकडे शिकला, नामांकित वाद्यवृंदांत त्याला जागाही मिळाली. मग हानी कोठे आहे? या बचावाला उत्तर देणारा एक इंग्रजी निवाडा आमच्या पिढीच्या प्रत्येक कायदेपदवीधराने अभ्यासलेला आहे : अ‍ॅश्बी विरुद्ध व्हाइट, १७०३. एका मतदारास निवडणूक-अधिकाऱ्याने मत देऊ दिले नाही. ज्या उमेदवारास तो मत देणार होता तो निवडून आलाच. मग त्याचे बिघडले काय? मुख्य न्यायाधीश होल्ट यांचे मत पडले की, हक्काचा भंग हीच हानी. नुकसान दाखवता आले नाही तरी दाद मागता येते. उमरावांच्या सभेने अखेर हेच मत उचलून धरले. आमच्या मते यात कायद्याने नीतीचेच एक जुने सत्य आपल्या भाषेत सांगितले आहे. निवडीचे फळ गोड निघाले म्हणून निवड हिरावून घेण्याचे कृत्य गोड होत नाही.

दुसरा बचाव असा की, खरा कलावंत कोठेही घडतो. त्याला अमुकच शाळा हवी असे नाही. यासही आधार आहे. रिचर्ड म्यूलफेल्ट हा मायनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून शिरला आणि क्लॅरिनेट बहुतांशी स्वतःच शिकला. त्याचे वादन ऐकून ब्राम्सने १८९१ साली त्याच्यासाठी आपले क्लॅरिनेट-पंचक रचले. परंतु हे उदाहरण बचावाच्या विरुद्धच जाते. म्यूलफेल्टने व्हायोलिन सोडून क्लॅरिनेट उचलले ते स्वतःच्या हाताने. शाळेवाचून घडणे निराळे आणि शाळेची वाट दुसऱ्याने गुपचूप बुजवल्यामुळे तिच्यावाचून राहणे निराळे.

तिसरा बचाव प्रेमाचा, आणि तोच सर्वांत अवघड. तिला त्याचा विरह सोसवत नव्हता. आम्ही हे प्रेम खोटे मानत नाही. परंतु विचार करा : तिने ते पत्र त्याच्या हाती देऊन "जाऊ नकोस" एवढेच म्हटले असते तर? रडली असती, भांडली असती तर? कदाचित तो गेला नसता. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही प्रसंगी एकच दृश्य दिसले असते : तो मॉन्ट्रियलमध्ये राहिला. परंतु पहिल्या प्रसंगी ते राहणे त्याने तिला दिलेले दान ठरले असते. दुसऱ्या प्रसंगी ती चोरी ठरली. तिने त्याची शाळा हिरावून घेतली हे खरेच. परंतु तिच्यासाठी शाळा सोडण्याची संधीही तिनेच हिरावून घेतली. ज्याच्यापुढे पर्यायच नाही त्याला त्याग करता येत नाही. प्रेमाने केलेली फसवणूक प्रथम प्रेमाचेच नुकसान करते, ते असे.

येथवर वाचक आमच्याशी सहमत होतील. कारण परदेशातील एका तरुणीस दोष देणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते आपल्या घरात पाहणे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत मुलांनी दूर जाणे ही नवी गोष्ट नव्हे, आणि त्यांना थांबवण्याच्या युक्त्याही नव्या नव्हेत. अर्जाची तारीख निघून जाईतो विषय काढावयाचा नाही. शिष्यवृत्तीची चौकशी "केली होती" म्हणून सांगावयाचे. आईच्या दुखण्यास थोडी तिखटमीठ लावून वार्ता कळवावयाची. यांत खोट्या पत्त्याचे पत्र नसते एवढेच. दुसऱ्याच्या वतीने दिलेला नकार तोच असतो.

गोव्याच्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण येथे आठवते. गावच्या चर्चच्या संगीतपरंपरेत ते वाढले, मुंबईस गेले, चित्रपटसंगीतात व्हायोलिनवादक आणि वाद्यरचनाकार म्हणून नावारूपास आले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. आणि १९६५ साली सिरॅक्यूज विद्यापीठाच्या साहाय्यावर ते अमेरिकेस निघून गेले. पुढे परतले ते माजोर्ड्यास. २०१२ साली मृत्यू येईपर्यंत प्रसिद्धीपासून दूर राहिले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गीतात त्यांचे नाव देशभर दुमदुमले, ती शिष्याने वाहिलेली आदरांजली होती. त्या जाण्याने चित्रपटसंगीताचे नुकसान झाले असे म्हणणारे म्हणोत. आम्हांस एवढेच दिसते की, जाणे त्यांचे होते आणि परतणेही त्यांचेच होते. त्यांच्या हिताच्या नावाने कोणी ते विद्यापीठाचे पत्र दडवले असते, तर मुंबईला एक वादक लाभला असता. परंतु तो माणूस स्वतःच्या आयुष्याचा धनी राहिला नसता.

मग वडीलधाऱ्यांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. बोलण्याचा अधिकार आहे, एवढेच नव्हे तर ते कर्तव्य आहे. जागा किती थोड्या आहेत हे सांगावे. कर्जाचा हप्ता कागदावर मांडून दाखवावा. मोठ्या नावाचा गुरू वर्षभर दौऱ्यावर असतो की विद्यार्थ्यास वेळ देतो, हे विचारण्यास मुलास धाडावे. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांनी मिळून असा ठराव मान्य केला आहे की, पदव्युत्तर विद्यार्थ्यास आर्थिक साहाय्याच्या देकारास उत्तर देण्यास १५ एप्रिलपर्यंत अवधी असावा. या साध्या नियमात मोठे शहाणपण आहे. निवड करावयाची तर सर्व पत्रे टेबलावर हवीत आणि विचारास दिवस हवेत. वडिलांचे काम ती पत्रे टेबलावर आणून ठेवण्याचे. त्यांतले एखादे उचलून नेण्याचे नव्हे.

सल्ला आणि कपट यांतील सीमारेषा कशी ओळखावी, असे कोणी विचारील तर आम्ही एकच कसोटी सुचवू. आपण जे करीत आहो ते ज्याच्यासाठी करीत आहो त्याच्या देखत करता येईल काय? विनवणी देखत करता येते, रागावणेही देखत होते, पैसे देणार नाही असे बापाने मुलास तोंडावर सांगता येते. पत्र दडवणे मात्र देखत करता येत नाही. ज्या हिताला अंधाराची गरज भासते, ते बहुधा आपलेच हित असते.

त्या खटल्यातील भरपाईच्या आकड्यापेक्षा आमच्या मनात घर करून राहिला आहे तो गिलाड यांचा प्रश्न. एक तरुण वाद्य हाती घेऊन गुरूपुढे उभा आहे आणि गुरू त्याला जाब विचारतो आहे, त्याने कधी न दिलेल्या नकाराचा. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याच्या वतीने 'नाही' म्हणणाऱ्या आपण सर्वांनी त्या तरुणाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. उद्या आपल्याच मुलास कोणी असा जाब विचारील, तेव्हा उत्तर त्याच्यापाशी नसेल. ते आपल्या कपाटात असेल.