लिस्बनचा पहिला दिवस

खोलीवर सामान टाकून बाहेर पडाल तेव्हा हातातला नकाशा मिटून ठेवा. पाहण्यासारख्या जागा उद्याही तिथेच असतील. आज फक्त पावलांकडे लक्ष द्या.

पायाखाली पांढऱ्या चुनखडीचे छोटे चौकोनी तुकडे आहेत, मधूनमधून काळ्या दगडाची नक्षी. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने ते तुळतुळीत झाले आहेत. उतारावर तोल सांभाळावा लागतो, त्यामुळे चाल आपोआप मंदावते. मंदावू द्या. एखादा कारागीर खाली बसून फुटपाथ दुरुस्त करताना दिसला, तर जरा बाजूला उभे राहा. तो दगड तळहातावर घेतो, फिरवून बघतो, हातोडीने एक टवका उडवतो आणि जागेवर बसवून पाहतो. नाही बसला तर पुन्हा उचलतो. त्या ठोक्यांबरोबर श्वास येऊ द्या, जाऊ द्या. या शहराचे मोठेपण मला सर्वांत आधी इथेच जाणवते. इथली वाट कुणीतरी हातांनी, एकेक तुकडा लावत घडवली आहे.

मग उतार नेईल तिकडे चला. खालच्या बाइशा भागातले सरळ रस्ते तेजू नदीकाठच्या मोठ्या चौकात आणून सोडतात. पाणी इतके रुंद की समुद्रच वाटावा. पण अटलांटिक अजून पुढे आहे, ही त्याची खाडी. दोन खांबांच्या मधून संगमरवरी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. तिथे बसा. भरती लागली आहे की ओहोटी, एवढेच ओळखायचे. नुसते पाणी पाहून कळत नाही. एकाच पायरीवर नजर ठेवली की हळूहळू कळते. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

पूर्वी याच जागी राजवाडा होता. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी चर्चेस भरलेली असताना भूकंप झाला. जीव वाचवायला माणसे या मोकळ्या काठाकडे धावली आणि नदीतून लाटा चढून आल्या. वर आगी लागल्या त्या कित्येक दिवस जळत राहिल्या. तुम्ही आलात ते सरळ रस्ते त्यानंतर मार्किस द पोंबालच्या देखरेखीखाली आखले गेले, आणि नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे घातले गेले, पुन्हा धरणी हलली तर घर तगावे म्हणून. वर टेकडीवर कार्मो मठाच्या चर्चच्या कमानी मात्र छपराविना उभ्या आहेत. त्यांच्याकडे पाहताना भग्न, सुंदर, उदास असा कोणताही शब्द मनात आला तर तो तसाच सोडून द्या आणि कमानींमधून दिसणारे आकाश पाहा.

आता अवघड भाग. पश्चिमेला बेलेंमध्ये जेरोनिमस मठ आहे. बांधकाम १५०१ मध्ये सुरू झाले. मसाल्यांच्या व्यापारावरच्या कराचा पैसा त्याला लागला. खांबांवर दगडात दोर कोरले आहेत, जहाजावरचे जाडजूड दोर. त्यांचा पीळसुद्धा दिसतो. इतकी नाजूक करामत मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. आणि आत, चर्चमध्ये, वास्को द गामाची कबर आहे.

इथे मराठी माणसाच्या छातीत काहीतरी आवळते. गोव्यात १५६० पासून चाललेले इन्क्विझिशन आठवते, वसईचा पडका किल्ला आठवतो, १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. आवळू द्या. दोराच्या त्या पिळावरून नजरही काढू नका. कौतुक खरे आहे, रागही खरा आहे. एकाला गप्प करून दुसऱ्याला बोलते करू नका. दोन्ही अंगात कुठे जाणवतात, घशात, खांद्यांत की पोटात, तेवढे पाहा. मलबारची मिरी ज्यांनी वेलींवरून तोडली, त्या माणसांचाही विचार येईल. त्यांची नावे इथल्या कोणत्याही दगडावर नाहीत. त्यांच्यासाठी दोन मिनिटे बसा, मग कबरीवर काय कोरले आहे ते जवळ जाऊन सावकाश बघा.