बहात्तर जण ऑनसाइट गेले तेव्हा

आजचं शास्त्रवाचन : लूक १०:१-२०



आपल्या तरुण संघातले काही जण यंदा सुट्टी टाकून महिनाभर परदेशात सेवेला चाललेत. तिकिटं झालीत, निधी जमतोय. पण ग्रुपवर एक प्रश्न फिरतोय : महिन्याभरात होतं तरी काय? हा सेवेच्या नावाखाली प्रवासच नाही ना?

मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. मिशन म्हणजे आपण परदेशी जायचं, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. लहानपणी मिशन म्हणजे परदेशातून कुणीतरी आमच्या गावात यायचं. म्हणून आजचा उतारा मी ज्यांच्या दारात कुणी येतं, त्यांच्या बाजूने वाचतो.

प्रभू येशू सत्तर जणांना (काही प्रतींत बहात्तर) दोघा-दोघांनी पाठवतो. थैली नको, झोळी नको, वहाणाही नकोत. घरात शिराल तर आधी शांतीचा आशीर्वाद द्या. एकाच घरी राहा, समोर येईल ते खा, आजाऱ्यांना बरं करा. गंमत बघा, पाठवणारा सर्वसमर्थ आहे, आणि तरी तो आपल्या माणसांना दुसऱ्याच्या भाकरीवर अवलंबून राहायला लावतो. पाहुण्याने यजमानाचं मिंधं व्हावं, हीच पहिली अट.

आमच्या गावात एकदा परदेशी टीम आली ती जानेवारीत. त्यांच्या सुट्टीला तो महिना सोयीचा होता. पण बीडमध्ये दिवाळीनंतर निम्मी घरं कुलूपबंद असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि जोडी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडत, कोपीत राहत असते. टीमने मन लावून कार्यक्रम घेतले, गाणी शिकवली, खाऊ वाटला. समोर होते म्हातारे आणि मागे राहिलेली लेकरं. ज्यांच्या अंगावर कष्ट होते ते गावात नव्हतेच. टीमची माणसं प्रेमळ होती, त्यात शंका नाही. फक्त ‘तुम्ही कधी घरी असता?’ हे आधी कुणी विचारलं नव्हतं.

पण त्याच टीममधली एक मुलगी रोज संध्याकाळी माझ्या आजीजवळ चुलीपाशी बसायची. भाषा शून्य. भाकरी थापायचा प्रयत्न करायची, ती तुटायची, आजी हसायची. आजीला कार्यक्रमातलं काही आठवत नव्हतं, पण ती मुलगी शेवटपर्यंत आठवत होती. एकाच घरी राहा, वाढलेलं खा, याचा अर्थ मला तिथे कळला.

आता बाराव्या वचनाच्या पुढे जाऊ. शिष्य आनंदाने परत येतात. अहवाल जबरदस्त आहे, भुतंसुद्धा ऐकतात! आणि येशू म्हणतो, आनंद त्याचा मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. आणि लूकने त्यांतलं एकही नाव लिहून ठेवलेलं नाही.

हे वाचताना मला हॅरिएट न्यूएल आठवते. १८१२ च्या फेब्रुवारीत ती नवरा सॅम्युएलबरोबर अमेरिकेहून निघाली. कलकत्त्याला पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने राहू दिलं नाही. मॉरिशसच्या वाटेवर बाळ झालं आणि गेलं. ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये तीही गेली. वय १९. पुढच्याच वर्षी मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. सॅम्युएल नंतर तिथे आला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला. त्याचा सोबती गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे गेला असताना जवळची औषधं पटकीच्या रोग्यांना देऊन बसला, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने गेला.

हॅरिएटच्या अहवालात काय लिहिणार? एकही मराठी गाव तिने पाहिलं नाही. तिच्या आठवणी वाचून पुढे कितीतरी जण निघाले, हे खरं. पण तिला ते कधी कळलं नाही. तिचा आनंद फळावर टेकलेला असता, तर तिच्याजवळ काहीच उरलं नसतं. येशूने आनंदाची जागा बदलली ती म्हणूनच.

अजून एक शब्द सुटू नये. येशूने त्यांना पुढे पाठवलं, जिथे तो स्वतः जाणार होता तिथे. म्हणजे महिन्याभराचा माणूस हा पुढे गेलेला निरोप्या. काम त्याच्यावर संपत नाही. आमच्या आष्टी-पाटोद्याला लागून जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून १९७० मध्ये तिथे आले आणि राहिलेच. लोकांना आधी पाणी आणि अन्न हवं होतं, तर त्यांनी तिथून सुरुवात केली. मग गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्यसेविका केलं. आपण नसलो तरी काम चालावं, अशी ती रचना. आपल्या भाषेत, खरं हँडओव्हर.

तर जाणाऱ्यांनो, जरूर जा. फक्त तीन गोष्टी विचारून जा. तिथल्या मंडळीला तुम्ही कोणत्या महिन्यात हवे आहात? तुम्ही कुणाच्या घरचं खाणार? आणि तुम्ही निघाल्यावर तिथे कोण राहणार? परत आल्यावर फोटो दाखवा, पण किती जणांपर्यंत पोचलो हा आकडा सांगायची घाई करू नका.

आणि जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी : साखर कारखान्याच्या हंगामात बीडची माणसं तुमच्या शहराच्या आसपासच कोपीत राहतात. तिथे जायला व्हिसा लागत नाही.

प्रार्थना : प्रभू, आम्हांला रिकाम्या हाताने जायला शिकव. दुसऱ्याच्या ताटातलं आनंदाने खायला शिकव. फळ दिसलं नाही तरी तू आमचं नाव विसरत नाहीस, यात आमचा आनंद राहू दे. आमेन.