गेलेली गाडी, येणारी गाडी

रेल्वेवर माणसाचं दोन प्रकारचं प्रेम असतं. एक, गेलेल्या गाडीवरचं आणि दुसरं, अजून न आलेल्या गाडीवरचं. समोर फलाटाला लागलेल्या गाडीवर कुणी प्रेम केल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

आमचे एक स्नेही पहिल्या पंथातले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीचं वर्णन ते घरचं लग्न असल्यासारखं करतात. चौदा डबे, साहिब, सिंध नि सुलतान अशी तीन एंजिनं, वर एकवीस तोफांची सलामी! बार्शी लाइटचं नाव निघालं की तर त्यांचा गळाच दाटून येतो. १८९७ साली सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांवरची गाडी जाऊन तिथे ब्रॉडगेज आलं, हा त्यांना घरातल्या वडीलधाऱ्याचा अपमान वाटतो. एकदा कुर्डुवाडीकडच्या एका मास्तरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं,

"आपण किती वेळा बसला होता?"

"एकदा. हौसेनं."

"मी बावीस वर्षं बसलो. पोटासाठी."

आमचे मेहुणे दुसऱ्या पंथाचे. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटर, वेग ताशी ३२०, हे आकडे त्यांना पाढ्यासारखे पाठ. अहमदाबादेत त्यांचं कुणीही नाही, ही गोष्ट वेगळी!

माझी पंचाईत अशी, की मला दोघांचंही पटतं. १८५३ ची गाडीसुद्धा त्या दिवशी भविष्यकाळच होती. उद्या कुणाचा तरी नातू हळहळेल, "काय निवांत गाडी होती हो, ताशी ३२०!" वारसा म्हणजे तरी काय, वयात आलेला विकासच. मग काय जपायचं नि काय मोडायचं, हे ठरवायचं कुणी? मला वाटतं, बावीस वर्षं बसणाऱ्यानं. हौशी मंडळींचं मत जरूर घ्यावं. पण मास्तरांच्या नंतर.

आपल्या व्हीटीचंच बघा. २००४ साली ती इमारत जागतिक वारसा ठरली. पण तिच्याच फलाटावरून सुटणाऱ्या लोकलच्या दाराला लोंबकळणारा माणूस ना वारशात मोडतो, ना विकासात. त्याचं मागणं फार नाही. दोन्ही पाय टेकण्यापुरती जागा. तेवढी मिळाली, तर तोही एखाद्या दिवशी मान वर करून त्या घुमटाकडे बघेल.