आडोसा

नरकचतुर्दशीची पहाट. बोरिवलीतलं वन बीएचके, हॉलमध्ये पाट मांडलेला, भोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल, शेजारी उटणं. बारा वर्षांचा मुलगा दरवर्षी चड्डीवर पाटावर बसायचा. यंदा तो टी-शर्ट घालूनच येतो आणि म्हणतो, "मी लावतो माझं." सगळं घर हसतं. आजी म्हणते, "आम्हाला रे काय लाजतोस? न्हाऊमाखू आम्हीच घातलंय ना!" काका चिडवतो. सणासुदीला तोंड कशाला वाकडं करायचं, म्हणून मुलगा निमूटपणे शर्ट काढतो.

थोड्याफार फरकाने हा प्रसंग अनेक मराठी घरांत घडतो. त्या हसण्यात माया असते, दुष्टावा मुळीच नसतो. तरीही त्या पहाटे काहीतरी मोडतं. मुलाने आपल्या शरीराभोवती पहिल्यांदाच एक रेघ ओढलेली असते आणि घर ती हसत हसत पुसून टाकतं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्याआधी कितीतरी वर्षं, १९९२ मध्ये, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली होती. तिचं सोळावं कलम मुलांच्या खासगीपणाचंच आहे. पण 'गोपनीयता' हा कोर्टातला शब्द. घरात त्यासाठी जुना, वापरातला शब्द आहे, 'आडोसा'. प्रवासात बाळाला पाजायचं असलं, कपडे बदलायचे असले की दोघीजणी साडी ताणून धरतात. त्याला आडोसा करणं म्हणतात. या शब्दात एक मोठी समज दडलेली आहे. आडोसा एकटीला करता येत नाही, तो दुसऱ्याने धरावा लागतो.

मुंबईच्या उपनगरांना हे वेगळं सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत या शहरातली निम्म्याहून अधिक कुटुंबं एका खोलीत राहत होती. घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर, अंधेरी-जोगेश्वरीच्या वस्त्यांत खाली एक खोली, वर पोटमाळा, मधे लोखंडी शिडी आणि कोपऱ्यात मोरी, असं घर. तिथे दारं नसतात, पण वेळा असतात. बायकांच्या अंघोळी पुरुष उठायच्या आत उरकतात. "नेसायचंय, बाहेर व्हा" म्हटलं की सासऱ्यापासून धाकट्या दिरापर्यंत सगळे गल्लीत जाऊन उभे राहतात. मोरीचा पडदा सरकला की भाऊ न सांगता भिंतीकडे तोंड करून वही उघडतो. अशा घरात वाढलेल्या मुलांना दार ठोठवायला कुणी शिकवलेलं नसतं, कारण ठोठवायला दारच नसतं. पण कधी खोकून आत यायचं आणि कधी मान फिरवायची, हे त्यांना बरोबर कळतं.

याचे गोडवे गाऊ नयेत. मान फिरवण्याने दाराची भूक भागत नाही. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटात नवविवाहित जोडप्याला माणसांनी भरलेल्या चाळीतल्या बिऱ्हाडात एकांत मिळत नाही. ती अडचण देशभरातल्या प्रेक्षकांना पटण्याजोगी होती, म्हणूनच दोन वर्षांत 'पिया का घर' नावाने तिचा हिंदी अवतार निघाला. जोडप्याच्या अडचणीवर सिनेमा निघाला. त्याच खोलीत वयात येणाऱ्या मुलीची अडचण मात्र कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत बादली घेऊन उभी राहणारी, कडी तुटली म्हणून बाहेर आईला उभं करणारी, अंधार पडेपर्यंत पाणीच न पिणारी मुलगी आजही या उपनगरांत आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात घराचा आकार २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० वर गेला, तेव्हा तिला मिळालेली सगळ्यात मोठी वस्तू कोणती? आतून कडी लागणारं न्हाणीघर.

प्रश्न चौरस फुटांचा आहे आणि तरी तेवढ्यावर तो संपत नाही. आपल्याकडे लाज आणि आडोसा या दोन गोष्टींची गल्लत होते. लाज मुलीकडून मागितली जाते. नीट बस, ओढणी घे, मोठ्याने हसू नकोस. आडोसा मात्र तिला द्यायचा असतो आणि तो देताना घर कंजूष होतं. मासिक पाळीचंच बघा. सॅनिटरी पॅड दुकानातून काळ्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून येतं, जणू चोरीचा माल. आणि मुलीला पहिल्यांदा पाळी आली की संध्याकाळच्या आत आत्या, मावशी, काकू सगळ्यांना फोन जातात, "आमची मोठी झाली हं!" म्हणजे जे लपवण्यासारखं नाही ते लपवायला लावायचं आणि जे सांगायचं की नाही हे तिने ठरवायला हवं, ते तिला न विचारता गावभर करायचं. तिच्या शरीराची बातमी तिच्या मालकीची नसते.

मुलग्यांचं उलट. त्यांच्याकडून लाज मागत नाहीत आणि त्यांना आडोसाही देत नाहीत. पंधरा वर्षांचा मुलगा टॉवेल गुंडाळून घरभर फिरला तरी चालतं, पण त्यालाच संकोच वाटू लागला तर "मुलीसारखा काय लाजतोस?" हे ठरलेलं. त्याच्या आवाजाच्या फुटण्यावर, ओठावरच्या लवेवर पाहुण्यांसमोर चर्चा होते. आपला संकोच कुणीच जपला नाही, तर बहिणीचा जपायचा असतो हे त्याने कुठून शिकायचं?

र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. शरीराची लाज निसर्गाने दिलेली नाही, ती शिकवलेली आहे, असं ते निर्भयपणे मांडत. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. खटला हरला, मुद्दा उरला. कर्वे लाजेविरुद्ध लढले म्हणून ते आडोशाविरुद्ध होते असं कुणी समजू नये. ज्या समाजात बोलायची लाज वाटत नाही, तिथेच मूल "मला आता एकट्याने अंघोळ करायची आहे" हे सरळ सांगू शकतं.

आणि ते सांगता येणं ही चैन नाही. उपनगरांतल्या कित्येक शाळांत आता चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवतात. "आपलं शरीर आपलं" हे पहिलीतली मुलंही घोकतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर ही जाणीव वाढली, ते उत्तमच झालं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच सांगते: मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणजे "नको" हा शब्द बहुतेकदा ओळखीच्या माणसालाच म्हणावा लागणार. तो म्हणायचा सराव कुठे होतो? घरीच. काकाला पापी द्यायची नाही म्हटल्यावर "असं काय करतेस, काकाच आहे ना" असं ऐकलेल्या मुलीचा तो सराव मोडतो. दिवाळीच्या पाटावरच्या मुलाचाही मोडतो.

मुलुंड-बोरिवलीच्या टॉवरमध्ये मुलांना स्वतंत्र खोली मिळू लागली, तरी "दाराला आतून कडी लावायची नाही" हा नियम तिच्याबरोबर येतोच. आईबापांची भीती खोटी नाही. बंद दारामागे मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये काय येईल याचा भरवसा नसतो. लहान वयात लक्ष ठेवायलाच हवं. पण सांगून ठेवलेलं लक्ष आणि चोरून वाचलेले मेसेज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "दहावी होईपर्यंत रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागेल" हा नियम मुलगी कुरकुर करत का होईना, पाळते. ती अंघोळीला गेल्यावर तिची चॅट उघडली, तर पुढच्या वेळी ती फक्त पासवर्ड बदलते आणि सांगायच्या गोष्टीही सांगेनाशी होते.

शिवाय पडदा फाडण्यात मोठी माणसंही मागे नाहीत. पूर्वी पालथ्या पडलेल्या उघड्या बाळाचा स्टुडिओतला फोटो अल्बममध्ये आणि अल्बम कपाटात असे. आता टबातल्या नातवाचा फोटो साठ जणांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जातो आणि तिथून कुठे जातो ते कुणालाच माहीत नसतं. तो नातू चौदा वर्षांचा झाल्यावर "हा फोटो काढा" म्हणेल, तेव्हा काढायला तो कुणाच्या हातात उरलेला नसेल.

घाटकोपरच्या पंतनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. पुनर्विकासाच्या सोसायटी-सभेत कॉर्पस, जादा कार्पेट, पार्किंग यांवर घसा बसेपर्यंत भांडणं होतात. नकाशा टेबलावर पसरलेला असतो, सगळे वाकून बघत असतात. देवघर कुठे, टीव्ही कुठल्या भिंतीवर, फ्रिज कुठे, हे तिथल्या तिथे ठरतं. आठवीतली मुलगी कपडे कुठे बदलणार, हे त्या टेबलाशी कुणी विचारत नाही. आणि ती मुलगी त्या वेळी खाली पाणी भरायला गेलेली असते.