उंबळीचे गोत्र

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात उंच झाडांवर एक जाडजूड वेल चढलेली असते. पाने समोरासमोर, रुंद, जाळीदार शिरांची. पेरी फुगीर. आपल्याकडे तिला उंबळी म्हणतात, कुठे कुंबळ. शास्त्रीय नाव नीटम उला. कुणीही तिला बेलाशक फुलझाडांत टाकील. वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूसही पहिल्या नजरेत तेच करील. पण उंबळीला फूल नाही. तिचे ‘फळ’ म्हणजे मांसल आवरणात बसलेले नुसते बी. तिची जागा सायकस, देवदार आणि कुंडीतल्या मोरपंखीच्या पंगतीत आहे, नग्नबीजींत. या झाडांचे बीजांड अंडाशयात बंद नसते, पराग थेट त्याच्या तोंडाशी येतो. हा फरक रॉबर्ट ब्राउन यांनी 1825 मध्ये स्पष्ट केला.

उंबळीची सख्खी भावंडे दोनच, आणि दोन्ही तिच्यासारखी दिसत नाहीत. पहिले इफेड्रा: लडाखसारख्या कोरड्या, थंड मुलखात वाढणारे, पाने जवळजवळ नसलेले, खराट्याच्या काड्यांसारखे झुडूप. (मुंबईच्या अग्यारींत विधीसाठी लागणारा होम म्हणजे याच झुडपाच्या इराणहून येणाऱ्या काड्या.) दुसरे वेल्विट्शिया. फ्रीडरिश वेल्विट्श यांना ते 1859 मध्ये अंगोलाच्या वाळवंटात सापडले. त्याला आयुष्यभर दोनच पाने असतात. ती बुडाकडून वाढत राहतात आणि टोकाकडे वाऱ्याने फाटून त्यांच्या चिंध्या होतात. लंडनच्या जोसेफ हूकर यांनी 1863 मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास छापला आणि हे विचित्र झाड नीटमच्या कुळात बसवले. बाह्यरूपाला न भुलता अंतर्गत रचनेवरून नाते ओळखण्याचा हा उत्तम नमुना.

याच हूकर यांना 1879 मध्ये डार्विन यांनी पत्रातून आपली अडचण कळवली होती: जीवाश्मांच्या नोंदीत फुलझाडे एकाएकी आणि मोठ्या संख्येने अवतरतात, हे कसे? त्यांचे पूर्वज कुठे आहेत? पुढच्या शंभर वर्षांत पुष्कळांना वाटले की उत्तर हूकर यांच्याच टेबलावर होते.

वाटण्याला आधारही होता. देवदाराच्या लाकडात पाणी वाहते ते दोन्ही टोकांना बंद असलेल्या वाहिनिकांतून. या तिघांच्या लाकडात मात्र फुलझाडांसारख्या, टोकाला आरपार भोके असलेल्या वाहिका आहेत. उंबळीची पाने तर आंब्याच्या पानांत खपून जातील. वेल्विट्शियाच्या नरशंकूत सहा पुंकेसरांच्या मधोमध एक वांझ बीजांड असते, म्हणजे जवळजवळ द्विलिंगी फूलच! विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचे रिखार्ड वेटश्टाइन यांनी फुलाची उत्पत्ती या गटासारख्याच झाडांकडे नेली. 1907 मध्ये आर्बर आणि पार्किन यांनी वेगळी दिशा दाखवली आणि फुलाचे मूळ बेनेटायटीस या नष्ट गटाच्या शंकूंजवळ शोधले. वाद पेटला आणि बराच काळ धुमसत राहिला.

मला या गोष्टीतला सगळ्यात बोलका माणूस डब्ल्यू. पी. थॉम्पसन वाटतो. 1918 मध्ये त्याने वाहिकेचे भोक पडते कसे, एवढाच प्रश्न विचारला. फुलझाडांत ते शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या फटींमधून तयार होते; नीटमच्या कुळात गोल खळग्यांचे पडदे विरून. वस्तू एकच, घडवण्याची रीत वेगळी. म्हणजे दोन घरांनी ती स्वतंत्रपणे कमावली. निकाल खरे तर तिथेच लागायला हवा होता. पण फुलाचा पूर्वज हवा होता, आणि गरज असली की साक्षीदाराची उलटतपासणी जरा सैल होते.

ऐंशीच्या दशकात लक्षणांच्या तक्त्यांवरून वंशवृक्ष मांडण्याची पद्धत रुळली. पीटर क्रेन यांनी 1985 मध्ये आणि डॉयल व डोनोह्यू यांनी 1986 मध्ये नीटमचे कूळ पुन्हा फुलझाडांच्या शेजारी बसवले. मग 1990 मध्ये विल्यम फ्रीडमन यांनी इफेड्रात दुहेरी फलन पक्के दाखवले. परागनलिकेतून येणारी दोन्ही पुंबीजे कामी येतात, हा तोवर फुलझाडांचा मानबिंदू होता. पण बारकाईने पाहिले की साम्य ओसरते. फुलझाडात दुसऱ्या मीलनातून भ्रूणपोष, म्हणजे बाळाची शिदोरी तयार होते. इफेड्रात त्यातून आणखी एक भ्रूण होतो आणि बहुधा मरतो. शिदोरी मादीच्या ऊतीची, आधीच बांधलेली.

भावंडांतही एकमत नाही. इफेड्रात अंडपेशी नेच्यांच्या जुन्या वळणाच्या छोट्या कुपीत असते. उंबळीत कुपी नाही, वेगळी अंडपेशीही नाही. मोकळ्या केंद्रकांपैकी कुठलेही फलित होऊ शकते, आणि शिदोरीची बरीच भरणी नंतर होते. वेल्विट्शियात तर मादीच्या ऊतीतूनच नळ्या वर चढतात आणि परागनलिकांना अर्ध्या वाटेवर गाठतात. तिघांत समान काय, तर बीजांडाचे लांब नळीसारखे तोंड आणि त्यावर परागकण धरणारा चिकट थेंब. तो थेंब मात्र पाइनमध्येही आहे, सायकसातही.

1999 आणि 2000 मध्ये जनुकांचे तपशील हाती आले आणि फुलझाडांशी जोडलेली सोयरीक मोडली. नीटमचे कूळ शंकुधारी वृक्षांच्या जवळ गेले. काही विश्लेषणांत ते थेट देवदार-पाइनच्या शेजारी बसते. त्याची नेमकी जागा कोणती, हा वाद अजून आहे. शंभर वर्षे फुकट गेली, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चुकीच्या आशेशिवाय इफेड्राच्या बीजांडात दुसऱ्या पुंबीजाचा माग काढायला कोण बसले असते? भारतात पंचानन माहेश्वरी आणि विमला वसिल यांनी 1961 मध्ये नीटमवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातले निरीक्षण सिद्धान्त बदलला तरी उरले.

डार्विन यांचे कोडे तसेच आहे. उंबळी पूर्वज नाही, एवढेच कळले. पुढच्या वेळी घाटात नरवेलीचा शंकू हाती लागला तर भिंगाने त्याचे एक कडे पाहा. खाली नरांच्या ओळी असतात, आणि त्यांच्यावर कधीच बी न होणाऱ्या बीजांडांची एक ओळ.